नवऱ्याला नोकरी सोडून पूर्णवेळ पाळक (चर्चचा पास्टर) व्हायचंय, घर कसं चालणार? (२७ वर्षं सेवेत असलेल्या एका पाळकाचं उत्तर)

ताई, येशूच्या नावात सलाम.

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला आणि मग बायकोला मोठ्याने वाचून दाखवला, कारण ह्यातलं अर्धं उत्तर तिचं आहे. तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं, की मिस्टर चाकणला एका कंपनीत क्वालिटीमध्ये आहेत, नऊ वर्षं होत आली, हातात ३२ हजार येतात. तुम्ही खाजगी शाळेत शिकवता, १४ हजार. मुलं दोन, मोठा नऊचा, धाकटी चारची. मागच्या उपवास-प्रार्थनेत मिस्टरांना पाचारण (सेवेसाठी देवाची हाक) झालं आणि आता ते म्हणतात दिवाळीनंतर राजीनामा टाकतो, गावाकडे जाऊन नवीन मंडळी (चर्च) सुरू करतो. पैशांचं विचारलं की म्हणतात देव पुरवेल, केडगावच्या पंडिता रमाबाईंनी कुठे पगार घेतला होता. आणि शेवटी तुम्ही विचारलंय, मी विश्वासात कमी पडतेय का?

आधी शेवटच्याचं उत्तर देतो, नाही. पत्र विश्वासात कमी पडणाऱ्या बाईचं वाटत नाही, घरातला डाळ-तांदळाचा हिशोब जिच्या अंगावर आहे तिचं वाटतं. तुम्ही स्वतःला विचारताय तो प्रश्नच चुकलाय माझ्या मते. खरी अडचण ही आहे की पाचारण एकाला आलंय आणि त्याचं बिल चौघांच्या नावावर फाटणार आहे, आणि त्या चौघांपैकी तिघांना अजून कोणी नीट बसून विचारलेलं नाही.

मी नगरकडचा, तालुक्याच्या गावात आमची छोटी स्वतंत्र पेंटेकॉस्टल (पवित्र आत्म्याच्या अनुभवावर भर देणारी) मंडळी आहे, आज साधारण ६० घरं. सेवेत यायच्या आधी साखर कारखान्यावर वायरमन होतो, २९ व्या वर्षी सोडलं, तुमच्या मिस्टरांसारखंच, म्हणजे घरी सांगितलं, विचारलं नाही. त्यामुळे पुढचं सगळं उपदेश म्हणून वाचू नका, खड्ड्यात पडलेला माणूस खड्डा कुठे आहे ते सांगतोय एवढंच.

पहिल्या वर्षीची गोष्ट. उपासनेसाठी गाळा बघितला, मालक १० हजार डिपॉझिट मागत होता. मी तीन दिवस उपास केला, खरंच केला, आणि चौथ्या दिवशी बायकोने माझ्या हातात १० हजार ठेवले. तिने माहेरच्या दोन पाटल्या सराफाकडे गहाण ठेवल्या होत्या. पुढच्या रविवारी त्याच गाळ्यात पहिली उपासना झाली, ३१ माणसं, आणि मी पुढे उभं राहून साक्ष दिली की तीन दिवस प्रभूच्या पायाशी बसलो आणि चौथ्या दिवशी प्रभूने डिपॉझिट पुरवलं. लोक हालेलुया म्हणाले, टाळ्या वाजल्या. बायको तिसऱ्या रांगेत पोरगी मांडीवर घेऊन बसलेली. घरी जाताना रस्त्याने काही बोलली नाही, दाराचं कुलूप काढताना म्हणाली, "प्रभूनं पुरवलं खरंय, पण पाटल्या माझ्या होत्या, तेवढं तरी म्हणायचं होतं." तिचा तो हात कुलपावरच होता, मनगट मोकळं. त्या पाटल्या व्याज भरत भरत तिसऱ्या वर्षी सोडवल्या. साक्ष दुरुस्त करायला मात्र मला अकरा वर्षं लागली, मंडळीच्या वर्धापनदिनाला सगळ्यांसमोर सांगितलं तेव्हा ती स्वयंपाकघरात होती, ऐकलंच नाही तिने! दुसऱ्या कोणीतरी जाऊन सांगितलं.

हे एवढं लांबण लावून का सांगितलं, तर "देव पुरवेल" ह्या वाक्यात देव ज्याच्या हातून पुरवतो तो माणूस दिसेनासा होतो. आणि पाळकाच्या घरात तो माणूस बहुतेक वेळा बायकोच असते. आमच्या ओळखीतल्या कितीतरी पाळकांची घरं बायकोच्या नर्सिंगवर, टीचरकीवर, शिलाई मशीनवर चालली आहेत आणि पोस्टरवर फोटो पाळकाचा.

आता रमाबाई. मिस्टरांना म्हणावं उदाहरण एकदम योग्य आहे, पण पूर्ण वाचा. आपल्या लोकांना वाटतं पेंटेकॉस्टल म्हणजे केरळातून नाहीतर अमेरिकेतून आलेलं काहीतरी. पण लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटचं प्रसिद्ध आत्मिक जागरण (रिव्हायव्हल) १९०६ चं, आणि आपल्या दौंड तालुक्यातल्या केडगावला रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये पोरी रात्र रात्र रडून प्रार्थना करत होत्या ते १९०५ मध्ये. तिथल्या अमेरिकन मिशनरी मिनी अब्राम्स बाईंनी त्यावर पुस्तिका लिहिली, ती चिलीतल्या मैत्रिणीला पाठवली, आणि तिथल्या पेंटेकॉस्टल चळवळीचं एक मूळ त्यात आहे. म्हणजे अभिमान बाळगावा असंच आहे. पण त्याच केडगावात रमाबाईंनी आधी जमीन घेतली, विहिरी खोदल्या, शेती लावली, विणकाम, तेलघाणा, छापखाना उभा केला. दुष्काळातून आणलेल्या दीड-दोन हजार बायका-मुलींना जेवायला घालायचं होतं ना. पगार नव्हता हे खरंच, पण विहीर होती. तुमच्या मिस्टरांची विहीर कुठली, हे विचारा. भांडणाच्या सुरात नको, खरंच बसून विचारा, कदाचित त्यांच्याकडे उत्तर असेलही.

कारण हे बरंचसं परिस्थितीवर आहे आणि मला तुमची सगळी माहिती नाही. एखाद्या संघटनेत जाऊन रीतसर ट्रेनिंग, मग दीक्षा, मग नेमणूक असेल तर गोष्ट वेगळी. तुमची आत्ताची मंडळी त्यांना हात ठेवून पाठवणार असेल आणि दोन वर्षं दरमहा काही ठरलेली रक्कम देणार असेल (लेखी! तोंडी आश्वासन पहिल्या पावसाळ्यात वाहून जातं) तर अजून वेगळी. गावाला स्वतःचं घर आहे का, शेती आहे का, सासू-सासऱ्यांचं औषधपाणी कोणाकडे, होमलोन आहे का. मेनलाइन (जुन्या, मोठ्या संघटनेच्या) चर्चच्या पाळकाला ठरलेला पगार, राहायला पाळकगृह, बदली असं सगळं असतं. स्वतंत्र पेंटेकॉस्टल पाळकाला ह्यातलं काही नसतं, रविवारी दानाच्या थैलीत पडेल तो पगार आणि भाड्याची खोली हे पाळकगृह.

म्हणून थैलीचं गणित सांगतो, हे कोणी सांगत नाही. नवीन मंडळीत पहिल्या दोन वर्षांत २५ घरं आली तरी खूप म्हणायचं, त्यातली नियमित दशमांश देणारी आमच्याकडे सात-आठ होती. दशमांश म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग, आता मजुरी करणाऱ्याचं उत्पन्न किती आणि त्याचा दहावा किती ते तुम्हीच करा. त्यातून गाळ्याचं भाडं, लाइटबिल, साउंड, नाताळचं जेवण, कोणाच्या मयतीचा खर्च. आमच्या भागात तर दिवाळी झाली की ऊसतोडीला टोळ्या निघतात, गाळप संपून कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत निम्मी मंडळी फडावर, म्हणजे मार्च-एप्रिलपर्यंत थैली रिकामी आणि तेवढ्यातच पोरांच्या फीचा दुसरा हप्ता. तुमचं गाव कुठलं लिहिलं नाही, पण प्रत्येक गावाला असे कोरडे महिने असतात, ते आधी शोधा.

माझा सल्ला असा आहे आणि ह्यावर काही पाळकबंधू मला नावं ठेवतील, ठेवू देत. नोकरी आत्ता सोडू नका. पौल तंबू शिवत होता, बायबलमध्ये प्रेषितांच्या कृत्यांच्या १८ व्या अध्यायात आहे, आणि तंबू शिवणाऱ्या पौलाला कोणी अर्धवेळ प्रेषित म्हटलेलं नाही. दोन वर्षं नोकरी ठेवून सेवा करा, रविवार आणि आठवड्यातल्या दोन संध्याकाळी घरप्रार्थना. शिफ्ट ड्युटी असेल तर त्रास होतो, मान्य, पण त्या दोन वर्षांत तीन गोष्टी कळतात, लोक खरंच जमतात का, मिस्टरांना कंटाळवाणी सेवा झेपते का (प्रवचन सगळ्यांनाच आवडतं, सरकारी दवाखान्यात रात्रभर कोणाच्या तरी आजीपाशी बसणं आवडतं का ते बघायचं) आणि तुम्हाला मंडळीत श्वास घेता येतो का. मंडळीकडून मिळणारं मानधन सलग सहा महिने, कोरडे महिने धरून, घरभाडं, किराणा आणि फी एवढं भागवायला लागलं आणि बँकेत सहा महिन्यांचा खर्च पडून असला की मग राजीनामा.

पैसा कोण मोजतो हे पहिल्या रविवारपासून ठरवा. थैली पाळकाच्या कपाटात कधीच जाता कामा नये, दोन विश्वासू माणसांनी मोजायची, वहीत लिहायची, सह्या करायच्या, बँकेत भरायची, पाळकाला ठरलेलं मानधन महिन्याच्या महिन्याला. ह्याने पाळकाची अब्रू राहते आणि बायकोला पुढचा महिना दिसतो. मंडळी थोडी स्थिरावली की ट्रस्ट रजिस्टर करा, धर्मादाय आयुक्तांकडे, वेळ लागतो म्हणून सोडू नका. परदेशातून कोणी मदत पाठवतो म्हणाला तर एफसीआरए (परदेशी देणगीची सरकारी परवानगी) असल्याशिवाय एक रुपया घ्यायचा नाही, पर्सनल खात्यात तर नाहीच नाही.

अजून दोन-तीन कायद्याच्या गोष्टी पटकन, कारण नवीन पाळक ह्यात हमखास अडकतात. आपल्यासारख्या पाळकाला लग्न लावायला १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्याप्रमाणे लायसन लागतं, नुसती दीक्षा पुरत नाही. स्वतंत्र मंडळीच्या पाळकाकडे ते नसेल तर प्रार्थना करा, आशीर्वाद द्या, पण नोंदणी ज्याला अधिकार आहे त्याच्याकडूनच, नाहीतर पुढे त्या पोरीला पासपोर्टच्या वेळी कागद मिळत नाही. दुसरं, आजाऱ्यासाठी प्रार्थना आपण करतोच, हात ठेवतो, तेल लावतो, मीही बरे झालेले बघितलेत, पण गोळी बंद कर असं कोणालाही सांगायचं नाही. महाराष्ट्रात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे, साप-विंचू-कुत्रा चावलेल्याला दवाखान्यात जाण्यापासून अडवणं हा त्यात गुन्हाच आहे. कायदा नसता तरी माझं मत हेच असतं, माझी बायको नर्स आहे, घरात पॅरासिटामॉल आणि प्रार्थना एकाच कप्प्यात असतात.

आता वेळेचं, हे मला पैशापेक्षा अवघड गेलं. पैसा नसला तर निदान दिसतं की नाहीये. वेळ कुठे गेला कळत नाही. आमचा आठवडा असा असायचा, मंगळवारी घरप्रार्थना, बुधवारी महिलांची सभा, शुक्रवारी उपवास-प्रार्थना दहा ते दोन, शनिवारी तरुणांची, रविवारी सकाळपासून संध्याकाळपर्यंत, महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी रात्रभर प्रार्थना, आणि मधल्या सगळ्या वेळात दार उघडं. पाळकाचं दार उघडंच हवं हा माझा हट्ट. मग थकलो की मुलाला सांगायचो, कोणी आलं तर सांग पप्पा प्रार्थनेत आहेत. आठ वर्षांचा होता. एकदा मी आतल्या खोलीत टीव्हीचा आवाज बंद करून मॅच बघत होतो, सरळ सांगतो, आणि दाराशी एक म्हातारी मावशी आली. मुलाने पाठ केल्यासारखं सांगितलं, पप्पा प्रार्थनेत आहेत. त्या म्हणाल्या, "असू दे बाळा, देवाशी बोलतायत, मी बसते." आणि ओट्यावर बसल्या. पाऊण तास. मी आत, मला बाहेर येता येईना कारण लगेच कसा येणार, आणि पोरगं दाराच्या चौकटीत उभं राहून एकदा तिकडे एकदा माझ्याकडे बघतंय. मॅच कोणी जिंकली आठवत नाही, ते बघणं आठवतं.

तो मुलगा पुढे सहा वर्षं उपासनेला आला नाही. आता येतो, पुण्यात दुसऱ्या मंडळीत, मागच्या बाकावर बसतो म्हणे, कारण तिथे त्याला कोणी पाळकाचा मुलगा म्हणून ओळखत नाही. तीमथ्याच्या पहिल्या पत्रात लिहिलंय की ज्याला स्वतःचं घर सांभाळता येत नाही तो देवाची मंडळी कशी सांभाळील, हे वचन मी दुसऱ्यांच्या दीक्षेच्या वेळी किती वेळा वाचलं असेल. त्याच पत्रात पाचव्या अध्यायात त्याहून कडक आहे, घरच्यांची तरतूद न करणारा माणूस अविश्वासी माणसापेक्षा वाईट. मिस्टरांना हे वचन तुम्ही वाचून दाखवू नका, भांडण होईल. त्यांच्या पाळकांना दाखवायला सांगा.

मला शेवटी मोशेच्या सासऱ्याने, इथ्रोने, वाचवलं म्हणा. निर्गमचा १८ वा अध्याय आपण नेहमी "कामं वाटून द्या" ह्यासाठी सांगतो, इथ्रो येतो आणि म्हणतो सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटा न्यायनिवाडा करत बसशील तर तू पण झिजशील आणि लोक पण. पण तो अध्याय सुरू कसा होतो बघा. मोशेने बायकोला, सिप्पोराला, माहेरी पाठवून दिलेलं असतं, आणि इथ्रो तिला आणि दोन्ही पोरांना घेऊन रानात येतो. आधी बायको-पोरं तंबूत आणून सोडली, कामाचं दुसऱ्या दिवशी बोलला. मी वीस वर्षं हा अध्याय शिकवला आणि पहिल्या सहा ओव्या माझ्या डोळ्यासमोरून अशाच जात होत्या. (ओव्या म्हणजे वचनं हो, आमच्या आजीची सवय.) त्यानंतर आमच्याकडे सोमवार बंद. फोन मंडळीतल्या एका वडीलबंधूंकडे, मयत किंवा दवाखाना असेल तरच माझ्यापर्यंत. पहिले तीन महिने लोक रुसले, दोन घरं दुसऱ्या मंडळीत गेली, बाकीच्यांना सवय झाली.

आणि ताई, तुमच्याबद्दल. मंडळी सुरू झाली की तुम्ही आपोआप पाळकीणबाई होणार. संडे स्कूल तुमचं, महिलांची सभा तुमची, पाहुण्या सेवकांचा स्वयंपाक तुमचा, बायकांची रडगाणी ऐकणं तुमचं, साडी कुठली नेसली ह्यावर चर्चा होणार ती पण तुमचीच. मानधन शून्य. माझी बायको म्हणते हे इथे लिहाच, की पहिल्याच महिन्यात ठरवून सांगायचं मी काय करीन आणि काय करणार नाही. तिने सांगितलं होतं की संडे स्कूल घेईन, कारण आवडतं, पण नाइट ड्युटी करून आलेल्या दिवशी दार उघडणार नाही. लोक कुरकुरले, पण सत्तावीस वर्षांनी अजून ती संडे स्कूल आनंदाने घेते. तुमची नोकरी तर अजिबात सोडू नका, मिस्टरांनी प्रेमाने सांगितलं तरी.

म्हणजे मिस्टरांशी बोलायचं ते एवढंच, की पाचारणावर मला शंका नाही, तारखेवर आहे. दिवाळीच का? दोन वर्षं नोकरी आणि सेवा दोन्ही, थैली मोजणारी माणसं वेगळी, एक दिवस घराचा, आणि माझा "हो" तुम्हाला आकड्यांसकट लिहून मिळेल. ते चिडले तर घाबरू नका, मीही चिडलो असतो. आणि हे रविवारी उपासनेनंतर काढू नका, दोघंही दमलेले असता, सुट्टीच्या दिवशी सकाळी चहा घेऊन बसा.

जाता जाता एक गोष्ट मात्र ह्याच आठवड्यात करा. नऊ वर्षं होत आली म्हणालात ना, पीएफमधल्या पेन्शनला दहा वर्षांची नोकरी लागते, त्याआधी सोडली तर ५८ व्या वर्षी मिळणारी ती पेन्शन लागू होत नाही. यूएएन (पीएफचा नंबर) टाकून पीएफच्या साइटवर लॉगिन केलं की सर्व्हिस हिस्टरी दिसते, आधी दुसऱ्या कंपनीत असतील तर ती वर्षं ट्रान्सफर झालीत का बघा. कंपनीचा मेडिक्लेम राजीनाम्याबरोबर जातो, तो कोणत्या तारखेपर्यंत आहे ते एचआरला विचारा. आणि बँकेत ४३६ रुपयेवाला जीवन ज्योती आणि २० रुपयेवाला अपघाती विमा दोघांच्याही नावाने आजच चालू करा, वर्षाला एवढेच कापतात. आमचे मी चाळिशी उलटल्यावर केले, फॉर्म बायकोने भरून आणला होता, मी फक्त सही केली.